ठरलेली कुस्ती

आई गेली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मी आबांना अमेरिकेत, क्युपर्टिनोला घेऊन आलो. आबा म्हणजे माझे वडील. कोल्हापूरजवळच्या एका गावात आयुष्यभर शाळेत पी.टी.चे मास्तर होते, आणि त्याआधी, तरुणपणी, पैलवान. फार नाव झालेले पैलवान नव्हेत. आसपासच्या जत्रांतून लढायचे, कधी जिंकायचे, कधी पाठीला माती लावून परत यायचे. पण तालमीत वाढलेला माणूस म्हातारा झाला तरी चालताना ओळखू येतो. खांदे थोडे पुढे, पाऊल जमिनीला घट्ट. आई गेल्यावर त्यांचं ते चालणं तेवढं तसंच राहिलं. बाकी आबा गप्प झाले.

दुःखात माणूस गप्प होतो हे मला कळत होतं. पण हे गप्प होणं वेगळं होतं. आईचा विषय निघाला की ते उठून दुसऱ्या खोलीत जायचे. माझ्या बायकोने हॉलमध्ये आईचा फोटो लावला, तर ते सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला, फोटोकडे पाठ येईल असे बसायला लागले. आई जवळजवळ दोन वर्षं आजारी होती आणि त्या सगळ्या काळात तिचं सगळं आबांनीच केलं होतं. मी इथून व्हिडिओ कॉल करायचो, तेव्हा दोघंही हसून बोलायची. शेवटी नेमकं काय काय झालं हे मी कधी त्यांना विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

सकाळी ते घरामागच्या पार्कमध्ये फिरायला जायचे. तिथे आपल्याकडच्या काका लोकांचा एक ग्रुप असतो. मुलाकडे आलेले, मुलीकडे आलेले, कोणाचं ग्रीन कार्ड झालेलं, कोणी सहा महिन्यांनी परत जाणारे. आबा एकदोनदा त्यांच्यात जाऊन बसले आणि मग एकटेच फिरायला लागले. "काय बोलायचं तिथं?" म्हणाले. "सगळे विचारतात, मिसेस नाही आल्या का."

एका शनिवारी मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. झाडाखालच्या बाकावर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. आखूड बांधा, जाड मान, डोक्यावर टोपी, गुडघ्याशी काठी टेकवलेली. आबा चालता चालता थांबले आणि त्यांच्याकडे बघतच राहिले.

"आबा, इथे असं टक लावून बघत नाहीत," मी हळूच म्हणालो.

"कान बघ त्यांचे," आबा म्हणाले.

मी बघितलं. दोन्ही कान सुकलेल्या जर्दाळूसारखे चुरगळून घट्ट झालेले. कुस्तीत कान रगडून रगडून सुजतात आणि मग आयुष्यभर तसेच राहतात. आबांचा डावा कान तसा आहे. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्या वडिलांचा असा असतो.

आबा सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले आणि आपल्या डाव्या कानाला हात लावला. त्या गृहस्थांनी वर बघितलं. आधी काही कळलं नाही, मग कळलं. त्यांनी टोपी काढली आणि मान वळवून आधी एक कान दाखवला, मग दुसरा. आबांनी हात पुढे केला. दोघांनी शेकहँड केला नाही, एकमेकांचं मनगट धरलं आणि जरासं दाबून बघितलं. आई गेल्यानंतर आबांच्या चेहऱ्यावर मला पहिल्यांदाच कुतूहल दिसलं.

तेवढ्यात त्यांची मुलगी कॉफीचे दोन कप घेऊन आली. माझ्यापेक्षा थोडी मोठी असेल. ती जवळच्याच डेंटल क्लिनिकमध्ये काम करते आणि वडिलांना घेऊन आमच्या मागच्याच बिल्डिंगमध्ये राहते. वडिलांना स्पॅनिशशिवाय फारसं काही येत नव्हतं. ती मला इंग्लिशमध्ये म्हणाली, "माझे वडील मेक्सिकोत लुचा लिब्रे खेळायचे. ते आणि त्यांचा भाऊ, जोडीने."

"काय म्हणते?" आबांनी विचारलं.

"कुस्ती करायचे म्हणते. दोघं भाऊ मिळून. मुखवटा घालून."

"मुखवटा? कुस्तीत मुखवटा कशाला?"

मी खांदे उडवले. पण त्या दिवसापासून ते दोघं रोज सकाळी बरोबर चालायला लागले. एकाला मराठी, दुसऱ्याला स्पॅनिश, मध्ये भाषांतर करायला कोणी नाही. बाल्कनीतून मला दिसायचं, दोघं सावकाश चालतायत, मध्येच थांबून एक जण हाताने एखादी पकड दाखवतोय आणि दुसरा मान हलवतोय. आबा घरी त्यांना 'पैलवान' म्हणायचे. "आज पैलवानाचा गुडघा दुखत होता," एवढंच काहीतरी सांगायचे. आबा शाळेत मास्तर होते हे मी पैलवानांच्या मुलीला सांगितलं, तेव्हापासून पैलवान आबांना 'माएस्त्रो' म्हणायला लागले. मुलीने सांगितलं की त्यांच्याकडे जुन्या जाणत्या कुस्तीगीरालाही तसंच म्हणतात.

मग एका रविवारी दुपारी तिने आम्हाला घरी बोलावलं. वडिलांना त्यांची एक जुनी मॅच माएस्त्रोंना दाखवायची आहे, म्हणाली.

घर छोटं, स्वच्छ. टीव्हीच्या खालच्या कपाटावर दोन तरुणांचा एक फोटो होता, दोघांच्याही तोंडावर काळे मुखवटे, कडेला रुपेरी शिवण. पैलवान खुर्चीत ताठ बसले होते. इस्त्रीचा शर्ट घातला होता. आबा त्यांच्या शेजारी, मुलगी आणि मी मागे. ती स्पॅनिशचं इंग्लिश करणार, मी इंग्लिशचं मराठी, असं ठरलं.

जुन्या टेपवरून उतरवलेलं चित्र होतं. रंग विटलेले, मध्येच एक पांढरी रेघ वरून खाली सरकायची. गच्च भरलेला हॉल, मध्ये दोरांचं रिंगण. एका कोपऱ्यात काळ्या मुखवट्यांचे दोन भाऊ, दुसऱ्यात निळ्यापांढऱ्या मुखवट्यांचे दोन पोरसवदा कुस्तीगीर. मुलगी समजावून सांगत होती. निळे म्हणजे सरळ, नियमाने खेळणारे. काळे म्हणजे दांडगे, लोकांच्या शिव्या खाणारे. तीन डाव, त्यातले दोन जो जिंकेल त्याची मॅच. आणि त्या दिवशी पैज मुखवट्यांची होती. जी जोडी हरेल तिने सगळ्यांसमोर मुखवटे काढायचे, आपलं खरं नाव आणि गाव सांगायचं, आणि मग तो मुखवटा आयुष्यात परत घालायचा नाही.

पहिला डाव सुरू झाला. काळ्या भावांनी एका पोराला आपल्या कोपऱ्यात ओढलं आणि दोघांनी मिळून बडवलं. पंचाने मागे वळून बघितलं की दोघं साळसूद. हॉलमधली माणसं उभी राहून ओरडत होती. आबा थोडा वेळ बघत राहिले. मग एक जण दोरावर चढून हवेत गिरकी घेऊन पडला, आणि आबा खुर्चीत मागे टेकले.

"नुरा," ते म्हणाले.

नुरा कुस्ती म्हणजे आधी ठरवून केलेली. कोणी पडायचं, कोणी पाडायचं, सगळं बोलून झालेलं. तालमीतल्या माणसाच्या तोंडी याहून वाईट शब्द नाही. जत्रेत कुस्ती नुरा निघाली की लोक मातीच्या हौद्यात चपला फेकतात.

"काय म्हणाले ते?" मुलीने मला विचारलं.

"म्हणतायत, आमच्या गावाकडेही असे सामने व्हायचे," मी म्हणालो.

पण पैलवान आबांच्या चेहऱ्याकडे बघत होते. ते हसले आणि मुलीला काहीतरी म्हणाले. तीही हसली. "ते म्हणतायत, माएस्त्रो म्हणाले हे ठरवलेलं आहे. खरी कुस्ती केलेला माणूस आधी हेच म्हणतो. त्यांना सांगा, हो, ठरवलेलं होतं. आम्ही हरणार हे आम्हाला आधीपासून माहीत होतं. आता पुढे बघा."

मी ते आबांना सांगितलं. हरणार हे माहीत होतं म्हटल्यावर आबांनी एकदा पैलवानांकडे बघितलं आणि खुर्ची थोडी पुढे सरकवली.

पहिला डाव काळ्यांनी घेतला, दुसरा निळ्यांनी. तिसरा सुरू झाला तेव्हा चौघंही दमलेले होते, आणि ते दमणं काही नाटकातलं नव्हतं. छाती वरखाली होताना दिसत होती. एका निळ्या पोराने दोरांमधून बाहेर सूर मारला, डोकं पुढे, हात मागे. खाली सिमेंट होतं आणि लोखंडी खुर्च्या. काळ्या मुखवट्यातला धाकटा भाऊ, म्हणजे आमचे पैलवान, खाली उभे होते. पोरगं त्यांच्या छातीवर आदळलं आणि दोघं खुर्च्यांच्या रांगेत जाऊन पडले.

"थांबव," आबा म्हणाले. "मागं घे जरा."

मुलीने चित्र मागे घेतलं. परत सूर, परत आदळणं.

"अजून एकदा. आता त्या उडणाऱ्याकडं बघू नकोस," आबा मला म्हणाले. "ह्यांच्याकडं बघ. हात बघ कुठं आहेत."

मी बघितलं. पैलवानांचा एक हात पोराच्या मानेखाली गेला होता, दुसरा कमरेला. पडताना त्यांनी अंग फिरवलं होतं, म्हणजे खुर्च्यांवर पाठ त्यांची पडली, पोराचं डोकं त्यांच्या खांद्यावर राहिलं. हॉलमधल्या लोकांना दिसत होतं की पोराने त्यांना उडवलं. खरं तर त्यांनी पोराला झेललं होतं.

"प्रतिस्पर्ध्याला सांभाळतोय हा," आबा म्हणाले. आवाज अगदी खाली गेला होता. "स्वतःची पाठ देऊन सांभाळतोय. आणि लोक ह्यालाच शिव्या घालतायत."

मी ते सांगितलं, मुलीने पुढे सांगितलं. पैलवानांनी आबांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "तेच माझं काम होतं," ते म्हणाले. "त्या पोराची नुकतीच सुरुवात होती."

शेवट रिंगणाच्या मधोमध झाला. थोरल्या भावाला निळ्याने पालथं पाडून त्याचा पाय मुडपून धरला. धाकटा कोपऱ्यातून हात पुढे करून होता. थोरला त्या हाताला शिवला असता तर धाकट्याला आत येता आलं असतं. थोरला हातावर सरपटत पुढे आला, बोटांत वीतभर अंतर राहिलं, आणि तेवढ्यात दुसऱ्या निळ्याने धाकट्याला दोरावरून खाली खेचलं. थोरल्याने जमिनीवर हात आपटला. हरलो, सोडा.

"त्यांचा गुडघा खरंच गेलेला होता," मुलगी म्हणाली. "काकांचा. त्यानंतर ते खेळू शकणार नव्हते. म्हणून दोघांचा मुखवटा एकाच दिवशी उतरवायचं ठरलं. माझे वडील एकटे पुढे खेळले असते, पण त्यांनी स्वतःच नको म्हणून सांगितलं. मुखवटे आजीने शिवलेले होते. तिला दोघांनी आधीच सांगितलं होतं. त्या मॅचसाठी तिने मुखवट्यांना नवीन नाड्या ओवून दिल्या. सैल, लगेच सुटतील अशा."

चित्रात दोघं भाऊ रिंगणाच्या मध्ये गुडघे टेकून बसले होते. मघाशी शिव्या देणारी माणसं आता गप्प होती. थोरल्याने धाकट्याच्या डोक्यामागची नाडी सोडली, धाकट्याने थोरल्याची. दोन्ही मुखवटे एकदमच उतरले. फोटोवाले पुढे धावले. तेव्हा थोरल्याने आपला तळहात उघडा करून धाकट्याच्या चेहऱ्यासमोर धरला. स्वतःचा चेहरा तसाच उघडा ठेवला, भावाचा झाकला. क्षणभरच. मग धाकट्याने तो हात धरून खाली घेतला, माइक तोंडाशी ओढला आणि आपलं नाव सांगितलं, गाव सांगितलं.

आबा म्हणाले, "त्यांना विचार, हे पण ठरलेलं होतं का? तोंडापुढं हात धरायचं."

प्रश्न इंग्लिशमधून स्पॅनिशमध्ये गेला. पैलवानांनी कपाटावरच्या फोटोकडे बघितलं आणि उत्तर दिलं.

"नाही," मुलीने सांगितलं. "हरायचं ते ठरलं होतं. बाकी कोणी काही ठरवलं नव्हतं."

भाऊ पाच-सहा वर्षांपूर्वी गेला, असंही तिने सांगितलं. मुलगी कॉफी करायला आत गेली. दोन्ही म्हातारे बंद टीव्हीसमोर बसून राहिले. आबांनी डोळे पुसले, आणि मी बघतोय हे माहीत असून पुसले.

घरी परतताना आम्ही पार्कमधून गेलो. ऊन अजून होतं, पोरं सॉकर खेळत होती. आबा एका बाकापाशी थांबले, बसले, आणि मला शेजारी बसायला सांगितलं.

"डॉक्टरांनी मला पहिल्याच महिन्यात बाहेर बोलावून सांगितलं होतं," ते म्हणाले. "आता बरं व्हायचं नाही म्हणून. मी तुझ्या आईला सांगितलं नाही."

"मला माहीत आहे आबा. मला तुम्ही फोनवर सांगितलं होतंत."

"ते सांगितलं. पुढचं नाही सांगितलं. तिला माहीत होतं. मी औषधं आणायला गेलो की ती नर्सबाईंना विचारून घ्यायची. तिला माहीत आहे हे मला माहीत होतं. आणि तरी रोज सकाळी उठून ती केस विंचरून, टिकली लावून बसायची. मी म्हणायचो, आज बरी दिसतेस. ती म्हणायची, हो, आज बरं वाटतंय. पाय सुजलेले असायचे, तरी चहा ठेवायला उठायची. मी म्हणायचो, दिवाळीनंतर आपण पोराकडं जाऊ अमेरिकेला. ती म्हणायची, स्वेटर घ्यायला लागतील. एकदा तर खरंच बाजारात गेलो आणि स्वेटर बघून आलो."

आबांनी गुडघ्यांवर हात टेकले.

"ती गेल्यावर मला वाटायला लागलं, आपण दोन वर्षं नुरा खेळलो. शेवट ठरलेला, दोघांना माहीत, आणि दोघं एकमेकांसमोर नाटक करतोय. एकदा तरी खरं बोलायला पाहिजे होतं तिच्याशी. घाबरलीस का, विचारायला पाहिजे होतं. ते मनातून जाईना. तिच्या फोटोकडं बघवत नव्हतं मला."

पोरांचा बॉल आमच्या पायाशी आला. आबांनी बसल्या बसल्या तो पायाने परत ढकलला.

"आज त्या भावांना बघितलं," ते म्हणाले. "हरणार हे माहीत असून ते पोराला झेलतायत. त्यांची आई नाड्या ओवतेय. आता ती जी सुजल्या पायांनी चहा ठेवायला उठायची, ते काय खोटं होतं? मी रात्रंदिवस उशाशी बसायचो, ते खोटं होतं?"

"नाही आबा," मी म्हणालो.

"नव्हतं," आबा म्हणाले. मग ते रडले. मोठ्याने, लोकांदेखत, पार्कमध्ये. पलीकडून जाणाऱ्या एक काकू थांबून विचारायला लागल्या, तर मी हातानेच नको म्हणालो. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसलो. ती रुंद, घट्ट पाठ हातभर लांबून कितीदा तरी पाहिली होती. मोठा झाल्यावर तिला हात लावल्याचं मला आठवत नव्हतं.

त्यानंतर आबा एकदम बोलके झाले असं नाही. पण घरात आईचं नाव निघू लागलं. माझ्या बायकोला ते एकदा स्वयंपाकघरात म्हणाले, "आमटीत ती शेवटी थोडा गूळ टाकायची," आणि उभं राहून चव बघितली. मला आजारपणातल्या गोष्टी सांगायला लागले, एका वेळी एखादीच. त्यातल्या काही ऐकवत नव्हत्या, तरी मी ऐकल्या.

रविवारी दुपारी ते पैलवानांकडे जायचे. दर वेळी तीच मॅच बघायचे असं नाही, दुसऱ्याही होत्या, पण त्या दोघांची आवडती तीच. मी पुष्कळदा बरोबर असायचो. सुरुवातीला मला नुसती मारामारी दिसायची, आबांच्या शेजारी बसून बसून मलाही दिसायला लागलं. मनगट धरताना आधी हलकेच दिलेला इशारा. पडणाऱ्याने श्वास सोडायची वेळ. कोपऱ्यात नुसता उभा असलेला जोडीदार, ज्याच्याकडे कोणी बघत नाही, आणि जो पूर्ण वेळ आपल्या माणसाच्या पायांकडे बघत असतो. आबा बोट दाखवायचे आणि पैलवान मान हलवायचे. भाषांतराची फार गरज पडत नव्हती.

थंडी सुरू व्हायच्या आधी आबांची परत जायची वेळ आली. जायच्या आदल्या दिवशी पैलवान आणि त्यांची मुलगी आमच्याकडे जेवायला आले. बायकोने पुरणपोळी केली होती, पैलवानांनी दोन खाल्ल्या. जेवण झाल्यावर ते काठी टेकत आईच्या फोटोपाशी गेले आणि मुलीला काहीतरी म्हणाले.

"वडील विचारतायत, यांचं नाव काय होतं?"

आबांनी नाव सांगितलं. पैलवानांना ते नीट म्हणता येईना. मधलं अक्षर त्यांच्या जिभेवर वळत नव्हतं. आबांनी परत सांगितलं, सावकाश, शाळेतल्या मुलाला सांगावं तसं. पैलवानांनी परत म्हटलं. असं बराच वेळ चाललं. शेवटी जमलं, आणि आबांनी "बरोबर" म्हणून मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना एअरपोर्टवर सोडलं. आता ते गावी एकटे राहतात, संध्याकाळी तालमीत जाऊन बसतात. मागच्या आठवड्यात फोनवर सांगत होते, तालमीचं छप्पर नवीन घातलंय आणि तांबडी माती बदलायची आहे, चांगली माती शोधत सगळे हिंडतायत. मग म्हणाले, "पैलवानाचा गुडघा कसा आहे? बघून ये आणि सांग मला."

रविवारी मी जाऊन आलो.